आठवड्याला एकच बातमी: वर्गात चालू घडामोडी घेणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

परिपाठाला सातवीतला एक मुलगा माइकसमोर उभा होता. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष सगळं झालं होतं. मग ‘आजच्या ठळक बातम्या’. पाच बातम्या त्याने एका दमात म्हटल्या, कागदाची घडी करून खिशात घातली आणि रांगेत जाऊन उभा राहिला. जिना चढताना मी त्याला विचारलं, “रेपो दर म्हणजे काय रे?” तो म्हणाला, “बाई, ते दादाने लिहून दिलं.”

मी विक्रोळीच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी ते दहावीला इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवते. सुरुवातीची दोन-तीन वर्षं माझ्याही वर्गात हेच चालायचं. फळ्याच्या कोपऱ्यात रोज पाच बातम्या, शनिवारी प्रश्नमंजूषा. कोणाची नेमणूक झाली, पुरस्कार कोणाला, अमुक परिषद कुठे भरली. चालू घडामोडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर स्पर्धा परीक्षेची पुस्तिका येते, त्याचा हा परिणाम. पोरं पटापट उत्तरं द्यायची आणि सोमवारी विसरायची. आता मी आठवड्याला एकच बातमी घेते, एकाच तासिकेत. ती कशी घ्यायची आणि त्यात मी कुठे कुठे ठेचकाळले, ते खाली लिहिलं आहे.

१. आधी टाचणवही, मग पेपर

नव्या शिक्षकाची पहिली भीती असते, “पोर्शन कसा संपवू?” ती रास्त आहे. म्हणून बातमी पोर्शनच्या बाहेरची ठेवूच नका. सहावीच्या नागरिकशास्त्रात शहरी स्थानिक शासनसंस्था आहेत आणि दहावीला निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी. भूगोलात तर पाऊस, पाणी, नकाशा आहेच. बातमी ज्या पाठाला चिकटते, त्या पाठाच्या टाचणात ‘अनुभव: वृत्तपत्रातील बातमी’ अशी एक ओळ लिहा आणि मुख्याध्यापकांची सही घ्या. उद्या कोणी विचारलं, “हे काय शिकवताय?”, तर वही पुढे करता येते. ही ओळ माझ्या उपयोगी पडली आहे. कशी, ते आठव्या मुद्द्यात येईल.

२. लागणारं सामान

• एकाच तारखेचे दोन वेगळे मराठी पेपर. घरी एक येत असेल तर दुसरा शेजारून किंवा कोपऱ्यावरच्या टपरीवरून. शिळा चालतो, पण दोन्हींची तारीख एकच हवी.
• मुंबई आणि ठाणे-पालघर-नाशिक एकत्र दिसतील असा भिंतीवरचा नकाशा.
• महापालिकेच्या विभागांचा नकाशा. विक्रोळी एस आणि एन विभागांत वाटली गेली आहे, हे आमच्या निम्म्या वर्गाला ठाऊक नव्हतं.
• शंभर पानी वही, समासात तारीख घालून.
• कात्री, डिंक, पट्टी आणि एक रिकामी प्लास्टिकची बाटली.

प्रोजेक्टर नको. तो लावण्यातच दहा मिनिटं जातात, आणि पडद्यावर बातमी आली की मुलं ती वाचत नाहीत, बघतात. कात्रण हातात आलं की मागची जाहिरातसुद्धा वाचतात.

३. पहिली बातमी तलावांचीच घ्या

नव्या माणसाने सुरुवात कुठून करावी, असं कोणी विचारलं तर माझं एकच उत्तर आहे: मुंबईला पाणी पुरवणारे सात तलाव. पावसाळ्यात पेपरात रोज चौकट येते. अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी, आणि प्रत्येकापुढे साठा. त्यात राजकारण नाही, रक्त नाही आणि प्रत्येक मुलाच्या घरच्या नळाशी तिचा संबंध आहे.

आमच्या वर्गातली एक तासिका सांगते. बातमीचा मथळा होता, तुळशी तलाव भरून वाहू लागला. फोटो सुंदर, पाण्याचा पांढरा पडदा. मुलांना विचारलं, “आता पाणीकपात जाईल का?” सगळे हात वर. मग फळ्यावर आकडे लिहिले. सातही तलावांची मिळून क्षमता साधारण 14 लाख 47 हजार दशलक्ष लिटर. मुंबईला रोज होणारा पुरवठा साधारण 3,900 दशलक्ष लिटर. तुळशीची क्षमता 8,046 दशलक्ष लिटर. भागाकार मुलांनीच केला. तुळशी काठोकाठ भरला म्हणजे मुंबईचं दोन दिवसांचं पाणी आलं.

वर्ग गप्प झाला. मग एक मुलगी म्हणाली, “मग फोटो का छापतात, बाई?”

त्या दिवशी मला आणखी काही शिकवावं लागलं नाही. तुळशी आणि विहार मुंबईतच आहेत, तिथे फोटोग्राफर लवकर पोहोचतो. एकूण साठ्यातला निम्मा वाटा एकट्या भातसाचा, पण तो शहापूर तालुक्यात. अप्पर वैतरणा तर नाशिक जिल्ह्यात. दादरला गुडघाभर पाणी साचलं म्हणून आपले तलाव भरत नाहीत, शहापूर-इगतपुरीकडे पाऊस पडावा लागतो. नकाशावर बोट ठेवून दाखवलं की हे दहा सेकंदांत कळतं.

पण दोन दिवसांचंच पाणी म्हणून ती बातमी फालतू, असंही मुलांना वाटू देऊ नका. तुळशीचं जादा पाणी विहारमध्ये येतं आणि विहार वाहू लागला की ते मिठी नदीत उतरतं. कुर्ल्याला नदीकाठी राहणाऱ्या मुलासाठी ती बातमी पाणीकपातीची नाही, घरात पाणी शिरण्याची आहे. बातमी एकच, पण कुर्ल्याचा मुलगा ती वेगळी वाचणार. हे तुम्ही सांगू नका, त्या मुलाला बोलू द्या. वर्गात असा मुलगा असतोच.

तलावांच्या पाठोपाठ घेण्यासारखी बातमी म्हणजे रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकलचे काही मार्ग काही तास बंद ठेवणं. चार ओळींची असते, तरी ‘धीम्या मार्गावरील गाड्या जलद मार्गावर वळवण्यात येतील’ या वाक्याचा अर्थ नववीतल्या मुलालाही चटकन लागत नाही. शनिवारचं कात्रण द्या आणि विचारा, “तुला रविवारी मामाकडे मुलुंडला जायचंय, काय करशील?”

४. तासिका कशी चालवायची

पस्तीस मिनिटं हातात असतात, हजेरी-गोंधळ वजा जाता अठ्ठावीस. माझी वाटणी अशी:

पहिली पाच मिनिटं एक मूल बातमी मोठ्याने वाचतं. दोनदा. दुसऱ्यांदा वाचताना बाकीचे अवघड शब्दांखाली रेघ मारतात. ‘विसर्ग’, ‘अधिसूचना’, ‘स्थगिती’, ‘निविदा’ हे शब्द आपल्याला सोपे वाटतात. मुलांना विसर्ग म्हणजे व्याकरणातली दोन टिंबं.

पुढची दहा मिनिटं फळ्यावर दोन रकाने: ‘बातमीत आहे’ आणि ‘बातमीत नाही’. दुसरा रकाना जास्त महत्त्वाचा. आकडा कोणी दिला, कधीचा आहे, कोणाला विचारलेलं नाही.

उरलेल्या वेळात असा एक प्रश्न, ज्याचं उत्तर मुलं स्वतः मोजून, बघून किंवा घरी विचारून आणू शकतील. प्रश्न तुमच्याकडे आधीच तयार असला पाहिजे. तो ऐन वेळी सुचत नाही, हे अनुभवाने सांगते.

पावसाच्या बातमीवर हे चांगलं जमतं. ‘गेल्या 24 तासांत मुंबईत अमुक मिलिमीटर पाऊस’ म्हणजे कुठल्या मुंबईत? हवामान खात्याची आपल्याकडची दोन नेहमीची केंद्रं कुलाबा आणि सांताक्रूझ, आणि त्यांचे चोवीस तास सकाळी साडेआठ ते साडेआठ धरतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवसाची कुलाब्याची नोंद 73 च्या आसपास. मुलांचा यावर विश्वास बसत नाही. घरी आईबाबांना विचारून या म्हटलं की दुसऱ्या दिवशी वर्गात गोष्टींचा पूर येतो. कोणाचे बाबा रुळांवरून चालत आले, कोणाची आई रात्रभर बसमध्येच.

आता बाटली बाहेर काढा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आमची वर्गखोली 6 बाय 7 मीटर, म्हणजे 42 चौरस मीटर. 944 गुणिले 42, जवळपास 39,600 लिटर. “दहा हजार लिटरचे चार टँकर, बाई,” असं मागच्या बाकावरून आलं. त्याचे वडील टँकर चालवतात. त्या वर्षी त्या मुलाने पहिल्यांदा वर्गात तोंड उघडलं. वरून कापलेली, सरळ भिंतींची बाटली गच्चीवर ठेवून पट्टीने रोज पाऊस मोजा आणि पेपरातल्या आकड्याशी ताडून पाहा. आकडे जुळणार नाहीत. का जुळत नाहीत, ही पुढची तासिका.

५. दोन पेपर शेजारी शेजारी

महिन्यातून एकदा. एकाच दिवसाची एकच बातमी, दोन पेपरांतली. मथळा, फोटो, पान क्रमांक, पहिलं वाक्य, एवढंच पाहायचं. एकाने ‘प्रवाशांचे हाल’ म्हटलेलं असतं, दुसऱ्याने ‘वाहतूक पूर्वपदावर’. दोन्ही खरं. एक सकाळचं, एक संध्याकाळचं.

यासाठी मुहूर्तच हवा असेल तर 6 जानेवारी घ्या. 1832 साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी इथे मुंबईत ‘दर्पण’ सुरू केलं, म्हणून आपल्याकडे तो पत्रकार दिन. ‘दर्पण’ मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापलं जाई, हे सांगितलं की मुलं चकित होतात.

इथला सापळा असा: शिक्षकालाच एक पेपर आवडत असतो. माझाही आहे. मुलं तो तिसऱ्या आठवड्यात ओळखतात आणि त्याच पेपराच्या बाजूने बोलायला लागतात. म्हणून पेपराचं नाव दुमडून ठेवा, मजकूरच वाचायला द्या.

६. फॉरवर्डचा तास

हा माझ्याच फजितीतून सुरू झाला. पावसाळ्यातली रात्र, साडेदहा वाजलेले. मोबाईलवर पत्रक आलं: मुसळधार पावसाच्या इशाऱ्यामुळे उद्या शाळांना सुट्टी. शिक्का, सही, सगळं व्यवस्थित. मी ते पालकांच्या ग्रुपवर ढकललं आणि झोपले. सकाळी वर्गात अकरा मुलं होती. पत्रक आदल्या वर्षीचं होतं. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं, आणि पुढे काय झालं ते इथे लिहायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी तेच पत्रक छापून वर्गात वाटलं. “मी काय बघायला हवं होतं?” असं विचारलं. बाई चुकल्या म्हटल्यावर मुलं इतक्या उत्साहाने कामाला लागतात की काय सांगावं! पाच मिनिटांत यादी झाली. वर्ष कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं. तारखेपुढे वार होता आणि यंदा त्या तारखेला तो वार येतच नव्हता. ज्याने पाठवलं त्याला ते कोणी पाठवलं, हे माहीत नव्हतं. महापालिकेच्या अधिकृत खात्यावर काहीच नव्हतं. शिवाय इशारा ‘ऑरेंज’ होता. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. इशारा हवामान खातं देतं आणि सुट्टी प्रशासन जाहीर करतं. नारिंगी दिसला की आपोआप सुट्टी, असं नसतं.

ही यादी आता वर्गाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. केंद्र सरकारच्या योजनांबद्दल काही फिरत असेल तर पीआयबीची, म्हणजे सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची, फॅक्ट चेक शाखा पाहायची, हे एक कलम नंतर जोडलं.

७. अपघात आणि मृत्यूच्या बातम्या

इथे घाई करू नका. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि 23 माणसं गेली. मध्ये दसरा, रविवार, गांधी जयंती. शाळा मंगळवारी उघडली आणि मी पहिल्याच तासाला कात्रण घेऊन वर्गात गेले. मोठ्या तावातावाने पूल किती रुंद, गर्दी किती, असं बोलत होते. तास संपल्यावर एक मुलगी टेबलाशी आली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत हळूच म्हणाली, “बाई, बाबा परळला उतरतात. त्यांना त्या पुलावरून जाऊ नका म्हणून सांगू का?” मी काहीतरी बोलले, काय ते आता आठवतही नाही. ती तास संपेपर्यंत काय विचार करत बसली असेल, हे मला तेव्हा सुचलंच नव्हतं.

तेव्हापासूनचे माझे नियम: मुंबईतल्या दुर्घटनेची बातमी पहिला आठवडाभर वर्गात मी आणत नाही. मुलांनी विषय काढला तर बोलते, टाळत नाही. फोटो नाही, व्हिडिओ मुळीच नाही. आधी एक-दोन मुलांना बाजूला विचारते की कोणाच्या घरचं, चाळीतलं कोणी होतं का. लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या बातमीत पीडित मुलाची ओळख सांगायला कायद्याने बंदी आहे. मुलांना ‘आतली’ माहिती असते आणि ती वर्गात फुटू शकते, म्हणून ती बातमी मी गटचर्चेला देतच नाही. त्याबद्दल बोलायचं तर समुपदेशक ताईंना सोबत घेऊन.

आठवडा उलटल्यावर मात्र अशा बातमीतून खूप मिळतं. 13 मे 2024 ला घाटकोपरला होर्डिंग कोसळलं. पेपरांत मृतांचा आकडा वाढत वाढत 17 वर गेला. आधीचा आकडा खोटा होता का? नव्हता, तो त्या वेळेपुरता होता. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर ही बातमी घेतली. मुभा जास्तीत जास्त 40 बाय 40 फुटांची, होर्डिंग 120 बाय 120 चं. मुलं म्हणाली, “तिप्पट मोठं.” वहीत चौकोन काढायला लावले, तेव्हा कळलं की नऊपट. मग प्रश्न निघाला, जागा रेल्वे पोलिसांची, शहर महापालिकेचं, तर परवानगी कोणाची? सहावीचा स्थानिक शासनसंस्थांचा पाठ मला एरवी असा कधी शिकवता आला नसता.

८. राजकारण आलं की

येणारच. टाळू म्हटलं तरी मुलं आणतात. 2023 साली मी सहावीला ‘नगरसेवक’ शिकवत होते. एकाने विचारलं, “आपला नगरसेवक कोण?” पुस्तकात लिहिलेलं होतं की लोक निवडून देतात. पण 2017 मध्ये निवडून आलेल्यांची मुदत मार्च 2022 ला संपली होती आणि पालिकेवर प्रशासक होता. 227 जागा, नगरसेवक एकही नाही. पुढची निवडणूक व्हायला 2026 चा जानेवारी उजाडला. मुलांना गृहपाठ दिला: घराजवळच्या फलकांवर कोणाच्या नावापुढे काय लिहिलंय ते टिपून आणा. वह्या भरून ‘माजी नगरसेवक’ आले. आणि मग, “गटार तुंबलं तर सांगायचं कोणाला?” विभाग कार्यालयाचा पत्ता शोधून मुलांनी अर्ज लिहिला. मराठीच्या बाईंनी तोच औपचारिक पत्राला धरला, दोघींचं काम झालं.

त्याच आठवड्यात एक पालक तक्रार घेऊन आले, “तुम्ही पोरांना राजकारण शिकवता.” टाचणवही दाखवली, पाठाचं नाव दाखवलं, मुलांचा अर्ज दाखवला. ते शांत झाले असं नाही, पण परत आले नाहीत.

माझ्यापुरते ठरवलेले दंडक हे: मत कोणाला, हे मुलांनी कितीही खोदून विचारलं तरी सांगायचं नाही. पक्षाच्या नावाने वाद सुरू झाला की प्रश्न पदाकडे वळवायचा: “हे काम कोणत्या पदाचं?” धर्म किंवा जातीवरून एका मुलाकडे सगळे बघायला लागले, तर चर्चा तिथेच थांबवायची आणि पुस्तक उघडायचं. ‘दोन्ही बाजू’ प्रत्येक विषयाला असतात, हेही खरं नाही. आरेच्या जंगलातल्या मेट्रो कारशेडवर दोन गट करून वाद घालता येतो, 2019 मध्ये आख्ख्या शहराने तो घातला. अस्पृश्यता पाळावी का, यावर गट करता येत नाहीत.

आचारसंहितेच्या काळात मी उमेदवारांची बातमी घेत नाही. मतदान यंत्र, शाई, यादीत नाव कसं शोधायचं, एवढंच. आपल्याला तसंही निवडणुकीच्या कामाला जुंपलेलं असतं. त्यातलं जेवढं सांगण्यासारखं आहे ते सांगा, मुलांना फार आवडतं.

९. गुण द्यायचे का?

बातमी पाठ आहे का, यावर नाहीत. मी फक्त वही बघते. मुलाने विचारलेला प्रश्न आणि त्याने आणलेलं उत्तर. दर महिन्याला एकदा, तोंडी. अंतर्गत मूल्यमापनात उपक्रम म्हणून ते बसवता येतं.

त्या शंभर पानी वहीची शेवटची वीस पानं उत्तर न मिळालेल्या प्रश्नांसाठी ठेवा आणि वही मुलांच्या ताब्यात द्या, कपाटात नको. यंदाच्या वहीत त्या भागात सगळ्यात वर हिरव्या शाईने लिहिलंय: “तलाव 98 टक्के भरलेत, मग आमच्या डोंगरावर पाणी रात्री दोनलाच का येतं?” खाली दुसऱ्या अक्षरात, “आमच्याकडे पण.” त्याच्या खाली आणखी सहा सह्या आहेत.